मांडवातल्या हाका

एप्रिल आला की आमच्या घरात दोन गोष्टी एकदम शिरतात, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि हळदीची गाणी. गठ्ठे मी स्वतः कॉलेजातून रिक्षात घालून आणते. गाणी न बोलावता येतात. नवघरच्या गल्लीत मांडव पडला की स्पीकरची भिंत उभी राहते आणि चौथ्या मजल्यावर माझ्या खिडकीच्या काचा थरथरायला लागतात. मी कानात कापूस कोंबते आणि लाल पेन उघडते. प्रश्न बहुतेक वर्षी तोच असतो, कारण पेपर काढणारीही बहुतेकदा मीच असते: ‘प्राचीन ग्रीक विचारवंतांच्या मते साहित्याचे प्रयोजन व मूल्य स्पष्ट करा.’ गुण पंधरा.

पोरं काय काय लिहितात, बाई! एका महाभागाने लिहिलं होतं, ‘ग्रीक लोक शोकांतिका पाहून पोट साफ करीत असत.’ स्टाफरूममध्ये सगळे हसून लोळले. मी मात्र त्याला दोन गुण जास्त दिले. विरेचन हा शब्द मुळात वैद्याचाच आहे, साचलेलं बाहेर काढण्याचा. पोरगा चुकत चुकत खऱ्याच्या अगदी जवळ पोचला होता.

यंदा पेपरच्या आधी सानिया नावाची विद्यार्थिनी शंका घेऊन आली. नया नगरमधून येते, मराठी छान बोलते, पण गडबडली की हिंदी सुरू. “मॅडम, तो ग्रीक गुरू म्हणतो ना, कवींना नगराबाहेर काढा म्हणून. मान देऊन काढा, पण काढाच. लेकिन इतना डर किस बात का? कविता ही तो है!”

मी तिला नेहमीचं उत्तर दिलं. कवी नकलेची नक्कल करतो, सत्यापासून दूर नेतो, शहाण्यासुरत्या माणसालाही चारचौघांत रडायला लावतो, म्हणून गुरूला तो नको. आणि त्याचाच शिष्य उलट म्हणतो, रडू द्या. भय आणि करुणा दोन्ही वर येऊ द्या, माणूस त्यातून हलका होऊन घरी जातो. सानियाने भराभर लिहून घेतलं, थँक्यू म्हणाली आणि गेली. खरं उत्तर मी तिला दिलं नाही. ते मला फार वर्षांपूर्वी आमच्याच मांडवात मिळालं, आणि पंधरा गुणांत ते बसवायचं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या वर्षी मी बाहेरून एम.ए.ला बसले होते आणि धाकट्या वनिताचं लग्न ठरलं होतं. परीक्षा आणि हळद एकाच पंधरवड्यात. आईला परीक्षेचं सोयरसुतक नव्हतं. “ती पुढल्या सालाला बी येल,” म्हणायची, “वनीचा नवरा न्हाय येनार.” आमचं तेव्हाचं घर बैठं, कौलारू, आणि मागे चालत गेलं की मिठागरं. बाबा आधीच गेलेले. माझ्याहून मोठा जयवंतदादा, आमचा जयादादा, त्याला नाहीसं होऊन सहा वर्षं झाली होती.

मिठागरातली दुपार ज्याने पाहिली नाही त्याला ती सांगून कळायची नाही. लोक रात्रीला उगीच बदनाम करतात. आमच्याकडे भीती वाटते ती बाराच्या उन्हात. सावली पायाखाली जाते, वारा पडतो, मिठाच्या ढिगांचा उजेड खालून डोळ्यांत येतो. कुंडातल्या पाण्यावर दूर कुणीतरी उभं दिसतं. नजर रोखली की नसतं. आई आम्हाला लहानपणी बजावायची, “त्या टायमाला कुनी नाव घेऊन हाक मारली तं लगेच ओ देऊ नको गं. दुसऱ्यांदा मारते का बग.” मी शिकलेली, एम.ए. झालेली बाई, तरी आजही दुपारी बाराला दाराची बेल वाजली तर ती दुसऱ्यांदा वाजेपर्यंत मी उठत नाही.

दादा अशाच एका दुपारी भाकरी खाऊन बांध बघायला गेला, तो आलाच नाही. चपला बांधावर होत्या, एकीशेजारी एक, देवळाबाहेर काढतात तशा. खाडी शोधली, खाजण शोधलं, काही मिळालं नाही. मग कुणीतरी म्हणालं, काशीमीऱ्याला ट्रकमध्ये चढताना पाहिला. आई आणि मी किती दिवस तिथल्या हॉटेलांत, गॅरेजांत त्याचा फोटो दाखवत हिंडलो. ड्रायव्हर लोक फोटो नीट बघायचे, हात पुसून धरायचे, आणि मान हलवायचे. बुडाला म्हणावं तर प्रेत नाही, गेला म्हणावं तर कारण नाही. तो आजपर्यंत सापडलेला नाही, हे आत्ताच सांगून टाकते.

आता आमच्या घराण्यातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आम्ही आगरी. आमच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते, म्हणजे लग्नाची गाणी तोंडपाठ म्हणणारी बाई. आमची धवलारीण म्हणजे मथुराआत्या, बाबांची चुलत बहीण. हळदीच्या दिवशी ती मांडवाच्या मेढीच्या खांबापाशी तांदळाचं सूप घेऊन बसायची आणि डोळे मिटून गाण्यातून हाका घालायची. आधी देवांना, मग घरातल्या मेलेल्यांना, मग जिवंतांना, एकेकाचं नाव घेऊन. मेलेल्याचं नाव आलं की त्याच्या रक्ताच्या माणसाने त्याच्या वतीने म्हणायचं, “आयलो.” मेलेली बाई असली तर “आयले.” मग आत्या त्याच्या नावाची चिमूट सुपात वेगळी ठेवायची. मेलेल्याला हाक घातली आणि ओ मिळाली नाही, तर तो बिचारा मांडवाबाहेर तिष्ठत राहतो म्हणे. जिवंतांचं उलट. जिवंताने स्वतःच ओ द्यायची. त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी दिली तर त्याचं आयुष्य तुटतं. तो हजर नसेल तर आत्या तीन श्वास थांबायची आणि पुढच्या नावाकडे जायची.

सहा वर्षांत आमच्या भावकीत जितकी लग्नं झाली, तितक्यांत आईने आत्याला दादाचं नाव जिवंतांत घ्यायला लावलं. “जयवंत,” आत्या गायची. एक श्वास. दोन. तीन. सगळे खाली जमिनीकडे बघत बसायचे. आई एकटी मांडवाच्या तोंडाकडे बघायची.

वनिताच्या वेळी काका अडून बसले. “वैनी, आता पुरे झाला. पोरीच्या हलदीत ते तीन श्वास नको. सा वरसां झाली. त्याला मेल्यांमदी घ्या.”

“घेऊन दाखवा,” आई म्हणाली. “जयाला मेल्यांमदी घेतलात तं मी वनीच्या मांडवात बसनार न्हाय.”

नुसतं बोलायचं म्हणून बोलणारी बाई नव्हती ती. वनिता आतल्या खोलीत रडायला लागली. आईशिवाय हळद म्हणजे काय हळद! आणि गंमत अशी, की हा निकाल लागणार होता माझ्या हातून. आत्याचं वय झालं होतं, नावं मागेपुढे व्हायला लागली होती. तिला अक्षर येत नव्हतं. म्हणून लग्नाआधी रोज दुपारी मी तिच्या ओटीवर बसून नावांची यादी मोठ्याने वाचायची आणि तिने ती मनात बसवायची, असं ठरलं. यादी मी केली होती.

मी काय केलं सांगू? पळवाट काढली. दादाचं नाव दोन्हीकडून गाळलं. जिवंतांत नाही, मेलेल्यांत नाही. काकांचे तीन श्वास वाचले, आईचा हट्ट राहिला, खोटं बोलले नाही आणि खरंही बोलावं लागलं नाही. मला तेव्हा स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं, लाज वाटायला वर्षं गेली.

वही एकच होती. पुढून ग्रीक, मागून नावं. माझी अभ्यासाची सवय मोठ्याने वाचायची, त्यामुळे आत्याला दोन्ही ऐकावं लागायचं. शेजारी वनिता आंबोशी वाळत घालत असायची. मी वाचायचे: त्या लोकांच्या मते काव्याच्या देवी नऊ बहिणी होत्या आणि त्यांची आई म्हणजे स्मृती. कवी गाण्याआधी त्यांना हाक घालायचा. त्या खरं सांगत, आणि मनात आलं तर अगदी खऱ्यासारखं खोटंही.

“मंग ओलखायचा कसा?” आत्याने डोळे न उघडता विचारलं.

“ते लिहिलेलं नाही आत्या.”

“लिवनार कसा? ओलखताच येत न्हाय.”

गुरूने कवींना हाकलायला सांगितलं हे ऐकून ती खूश झाली. “शाना हाय बाबा. त्याला ठावं व्हता गान्यात काय हाय ते. भ्यायला तो.” शिष्याचं मत मात्र तिने उडवून लावलं. “रडला का मानूस मोकला होतो, येवढं सांगाया कालेज लागतं व्हय?”

मग लोहचुंबकाचं आलं. देव म्हणजे चुंबक, कवी म्हणजे त्याला चिकटलेली कडी, त्याला चिकटलेली दुसरी कडी म्हणजे गाणारा, आणि शेवटी लोंबकळणारे आपण ऐकणारे. कवी गातो तेव्हा तो स्वतःच्या ताब्यात नसतो, त्याच्या तोंडून दुसरंच कुणी बोलतं. मी वही खाली ठेवली आणि विचारलं, “आत्या, तुझ्या अंगात येतं का गं गाताना?”

ओटीच्या बाहेर ऊन नुसतं उभं होतं. “येत न्हाय कोन,” ती म्हणाली. “मीच नसते. जागा खाली असते. मंग ज्याला बसायचा तो बसतो.”

मी घाईघाईने वही उलटी केली आणि नावं वाचायला लागले. आजोबा, आजी, बाबा. आत्या ओठ हलवत होती. बाबांच्या नावानंतर ती थांबली आणि मी लक्ष देऊन ऐकलं, तिने तीन श्वास घेतले. संथ, मोजून. तिथे थांबण्याचं काही कारण नव्हतं. मी जिवंतांची यादी सुरू केली. तिला बहुधा डुलकी लागली असेल, असं मी मनाशी म्हटलं.

हळदीच्या दिवशी अकरा वाजताच मांडव तापला होता. वनिता पाटावर, तिच्या मागे आई हळदीची वाटी घेऊन बसलेली, नव्या लुगड्यात. मी आत्याशेजारी, निर्धास्त. बायकांची कुजबुज, पोरांची खी-खी. आत्याने डोळे मिटले. गावदेवी आली, कुलदैवत आलं. आजोबांना काकांनी ओ दिली. आजीला काकांच्या बहिणीने दिली. बाबांचं नाव आलं, मी म्हटलं, “आयलो,” आणि मुलीच्या तोंडून तो पुरुषी शब्द ऐकून पोरं हसली.

त्याच चालीत, श्वास न तोडता, आत्या पुढे गायली, “जयवंत.”

माझ्या कानांनी ते ऐकलं आणि माझा विश्वास बसला नाही. मेलेल्यांत. बाबांच्या मागोमाग. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, मी नाही, मी नाही. आत्या डोळे मिटून बसली होती, चिमूट बोटांत धरलेली, वाट बघत. आता ओ द्यावी, तर माझ्या तोंडाने माझा भाऊ मरणार. न द्यावी, तर तो बाहेर उन्हात उभा राहणार. आई आता उठणार, वाटी आपटणार आणि आत निघून जाणार, याची मी वाट बघत होते.

आई उठली नाही. तिने मांडवाच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, “आयलो.”

आवाज आईचाच होता, असं आपण म्हणू. पण दादा बाहेरून आला की उंबऱ्यावरूनच ‘आयलो’ म्हणायचा, शेवटचा स्वर थोडा ओढून, भूक लागल्यासारखा. अगदी तसं म्हटलं तिने. वनिता पाटावर बसल्या बसल्या दचकून मागे वळली. तिला वाटलं, खरंच आला.

मग रडण्याचा जो बांध फुटला तो काय सांगू! बायका रडल्या, काका रडले, ज्यांनी दादाला पाहिलंही नव्हतं त्या वनिताच्या मैत्रिणी रडल्या. भीतीने आधी सगळ्यांना गार केलं आणि मग करुणेने वितळवलं. नंतर हळद लागली, नंतर बायका हसल्या, एकमेकींची तोंडं पिवळी केली, मटणाला मीठ कमी म्हणून आचाऱ्याला टोमणे मारले. काका माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “बरा झाला गं. वैनी येकदाची मोकली झाली.” मलाही तसंच वाटलं. शिष्य बरोबर होता. चार दिवसांनी पेपरमध्ये मी त्याच्या बाजूने असं काही भरभरून लिहिलं की माझे मलाच डोळे भरून आले. गुणही उत्तम पडले.

पण पेपरच्या आधी मी आत्याला गाठलं होतं. “आत्या, दादाचं नाव का घेतलंस? यादीत नव्हतं.”

“मी कुटं घेतला? तू वाचलास तसा बोलले.”

“मी वाचलंच नाही!”

“वाचलास. बापाच्या मागनं. तुजाच आवाज व्हता.”

मी वनिताकडे गेले, ती नव्या नवरीच्या थाटात मेंदी खरवडत बसली होती. ती म्हणाली, “हो ताई, वाचलंस की. रोज वाचायचीस. मला वाटलं, आईला विचारून घातलंस.” मी वही आणून तिच्यासमोर उघडली. आजोबा, आजी, बाबा, आणि खाली कोरी ओळ. त्या कोऱ्या ओळीकडे आम्ही दोघी बघत बसलो. तिने वही मिटून माझ्या हातात दिली आणि पुन्हा त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही.

मी वाचलं नव्हतं. शपथेवर सांगते. फक्त शपथ घेताना मला त्या ओटीवरचं ऊन आठवतं, माझाच आवाज आठवतो, आणि तो आवाज काय काय म्हणत होता हे मला तितकंसं नक्की आठवत नाही. तेव्हापासून वर्गात त्या कड्यांच्या साखळीवर आले की माझा सूर बदलतो. मुलांना वाटतं, मॅडम रंगात आल्या. मी पटकन पुढचा मुद्दा घेते.

पाचव्या दिवशी मांडव उतरवला. बोलावलेल्यांना त्या दिवशी परत पाठवायचं असतं. आत्या सूप घेऊन अंगणात बसली, एकेकाचं नाव घ्यायची, रक्ताच्या माणसाने म्हणायचं “जातो”, आणि ती त्याची चिमूट पानावर टाकून कुंपणाबाहेर ठेवायला द्यायची. मांडवाची कापडं निघाली होती, नुसत्या बांबूंतून ऊन थेट डोक्यावर येत होतं. आजोबा गेले. आजी गेली. बाबांसाठी मी म्हटलं, “जातो,” आणि पान ठेवून आले.

“जयवंत,” आत्या गायली.

सगळ्यांनी आईकडे बघितलं. तिने तोंडात पदराचा बोळा धरला होता. आत्याने पुन्हा नाव घेतलं. आई हलली नाही. काका कळवळून म्हणाले, “वैनी, बोला ना. आता पोराला आडकवून ठेवू नका.”

आईने पदर काढला. रडत नव्हती ती. इतकी शांत मी तिला सहा वर्षांत पाहिली नव्हती.

“सा वरसां जित्यांमदी हाका मारल्या,” ती म्हणाली. “येकदा तरी आयला का? मेल्यांमदी येकदाच मारली, तं लगेच आयला. माजा पोर घरी आयलाय. मी त्याला पाठवू कशाला?”

मग आत्या माझ्याकडे वळली. “शालू, तू बोल. तुजा बी रगत हाय.”

दोन अक्षरं होती. ‘जातो’ म्हणायचं, पान उचलायचं, संपलं. सगळं नीट शेवटाला नेणारा तो शिष्य माझ्या कानाशी म्हणत होता, म्हण, आणि मोकळी हो, तिलाही कर. आणि गुरू कशाला घाबरला होता ते माझ्या समोर अंगणात बसलं होतं. गाण्यात म्हटलं म्हणून आई आता ते कधीही खोटं मानणार नव्हती. मी तोंड उघडलं. आईने माझ्याकडे बघितलं. तिने नको म्हटलं नाही, हात जोडले नाहीत, नुसतं बघितलं. मी तोंड मिटलं.

आत्या सूप तिथेच ठेवून उठली. “ऱ्हाला मंग,” एवढंच म्हणाली.

आईने सुपातली दादाच्या नावाची चिमूट उचलून पदराला गाठ मारली आणि घराकडे निघाली. उंबऱ्यापाशी गेल्यावर ती मागे वळली. अंगणात आम्ही एका बाजूला होतो, ती आमच्याकडे बघत नव्हती. ती दारातून बाजूला सरकली, भिंतीला पाठ लावून जागा केली.

“चल रं जया,” ती म्हणाली. “आत चल.”

आणि तो आत जाईपर्यंत थांबून मग ती त्याच्या मागून आत गेली.